तेजोमेघांचे रंग : खरे कीं रंगविलेले?



गेल्या मार्गशीर्षांत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास घरीं आला. आतां तो चाळिशी ओलांडलेला संसारी गृहस्थ आहे; परंतु दोन वर्षांपूर्वीं त्यानें एक लहानशी दुर्बीण व तीस जोडतां येईल असा कॅमेरा घेतला, आणि तेव्हांपासून अमावास्या जवळ आली कीं गांवाबाहेरच्या डोंगरावर जाऊन आकाशाचीं छायाचित्रें काढण्याचा नाद त्यास जडला आहे. मोठ्या हौसेनें त्यानें आपला संगणक उघडला आणि मृग नक्षत्रांतील तेजोमेघाचें चित्र माझ्यापुढें धरलें. आकार उत्तम उमटला होता. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा तो मेघ, त्याच्या कडेचे धुरकट पदर, सर्व कांहीं जागच्या जागीं होतें. रंग मात्र ओल्या राखेचा!

“गुरुजी, चार रात्री जागून हें मिळालें,” तो म्हणाला. “पुस्तकांत हाच मेघ गुलाबी दिसतो. माझ्या चित्रांतला रंग गेला कोठें?” मीं कांहीं बोलण्यापूर्वींच तो हंसून पुढें म्हणाला, “आणि संगणकावर खटपट करून रंग आणला, तर तुम्हीच म्हणाल कीं तो खोटा आहे. आठवीच्या वर्गांत तुम्हींच सांगितलें होतें, हे रंग छापखान्यांत भरतात म्हणून.”

ती गोष्ट मला पक्की आठवली. १९९६ सालचा तो प्रसंग. हबल दुर्बिणीनें घेतलेलें वायूच्या तीन प्रचंड खांबांचें चित्र एका नियतकालिकांत आलें होतें, तें मीं वर्गाच्या भिंतीवर चिकटविलें होतें. सोनेरी खांब व मागें हिरवट-निळें आकाश. एका मुलीनें विचारलें, आकाशांत खरोखरच असे रंग असतात काय? मला ठाऊक नव्हतें. पण ठाऊक नाहीं असें म्हणण्याची संवय आम्हां मास्तर मंडळींस थोडी कमीच. मीं ठोकून दिलें कीं हे सारे रंग छापखान्यांतले. इतक्या वर्षांनंतर तें वाक्य जसेंच्या तसें परत आलें, तेव्हां मला लाज वाटली. त्यानंतरचे दोन महिने या विषयावर जें मिळालें तें वाचण्यांत मीं घालविले, आणि त्याचा वृत्तांत आज आपणांसमोर ठेवीत आहें.

प्रथम आपल्या डोळ्याचाच विचार करूं. डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांस भरपूर उजेड लागतो. दंडासारख्या पेशी अंधुक प्रकाशांत काम करतात, पण त्यांस रंग कळत नाहीं. म्हणून चांदण्यांत जास्वंदीचें फूल काळें दिसतें. तेजोमेघ इतका मंद असतो कीं लहान दुर्बिणींतून तो करडाच दिसावयाचा. मोठ्या दुर्बिणींतून पाहणारांस क्वचित् हिरवट झांक जाणवते. तेव्हां “डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून रंग नाहीं” हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर लंगडा पडतो.

रंगाचा पहिला पक्का पुरावा छायाचित्रानें दिला नाहीं. तो वर्णपटानें दिला. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्रीं लंडनजवळच्या आपल्या खाजगी वेधशाळेंतून विल्यम हगिन्स यांनीं कालेय तारकासमूहांतील एका लहान तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला. ताऱ्याप्रमाणें सप्तरंगी पट्टा दिसेल अशी कल्पना होती. दिसली ती एकच तेजस्वी हिरवी रेषा, आणि नीट पाहिल्यावर शेजारीं आणखी दोन मंद रेषा. हा मेघ म्हणजे ताऱ्यांची दाटी नसून तापलेला विरळ वायु आहे, हें त्या क्षणीं ठरलें. पण ती हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याच द्रव्याशीं जुळेना. शेवटीं ज्योतिषांनीं ‘नेब्युलियम’ नांवाचें एक नवें मूलद्रव्य कल्पिलें, आणि तें साठांहून अधिक वर्षें ग्रंथांतून नांदलें. १९२७ मध्यें अमेरिकेंतील आयरा बोवेन यांनीं दाखवून दिलें कीं ही रेषा आपल्या ओळखीच्या प्राणवायूचीच आहे. मात्र त्याच्या अणूनें दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, आणि भोंवतालचा वायु इतका विरळ असतो कीं तसा विरळपणा आपल्या प्रयोगशाळांत साधत नाहीं. या रेषेची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. आमच्या दंडपेशी नेमक्या याच टापूंत सर्वांत तीक्ष्ण असतात. मोठ्या दुर्बिणींतून मेघ हिरवट कां वाटतो, याचा उलगडा येथें होतो.

इकडे छायाचित्रणाची वाटचाल वेगळीच चालली होती. ३० सप्टेंबर १८८० रोजीं अमेरिकेंत हेन्री ड्रेपर यांनीं मृगांतील याच तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र ५१ मिनिटें प्रकाश पडूं देऊन घेतलें. १८८३ मध्यें इंग्लंडांत अँड्र्यू कॉमन यांनीं ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीनें त्याहून सरस चित्र काढलें; त्यांत डोळ्यांनीं कधीं न पाहिलेले तारे उमटले. पण त्या कांचा केवळ जांभळ्या व निळ्या प्रकाशास जागणाऱ्या. तांबडा प्रकाश त्यांच्या लेखीं अंधारच होता! म्हणून जुन्या छायाचित्रकाराच्या काळोख्या खोलींत तांबडा दिवा निर्धास्त लावीत असत. आतां गंमत पहा. या मेघांतील मुख्य वायु हायड्रोजन. त्याची सर्वांत ठळक रेषा ६५६.३ नॅनोमीटरची, म्हणजे चक्क तांबडी. डोळ्यास मेघ हिरवट वाटे, कांचेवर निळ्या प्रकाशाचा ठसा उठे, आणि त्याची ठळक तांबडी रेषा दोघांच्याही हातून निसटे. ही उणीव दूर करण्याचा मार्ग जर्मनीचे हर्मान फोगेल यांस १८७३ मध्येंच सांपडला होता : कांचेवरील लेपांत योग्य रंगद्रव्य मिसळलें कीं ती इतर रंगांसही जागूं लागते. परंतु सर्व रंगांस जागणाऱ्या कांचा बाजारांत सुलभपणें मिळण्यास विसावें शतक उजाडलें.

तीन रंगांतून सर्व रंग साधण्याची युक्ति मात्र त्याहून जुनी आहे. १७ मे १८६१ रोजीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें एका पट्टेदार फितीचीं तीन छायाचित्रें पडद्यावर एकावर एक टाकून दाखविलीं. तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाच्या गाळणींतून घेतलेलीं तीं चित्रें त्या त्या रंगाच्या प्रकाशांत पडद्यावर पडतांच फितीचे रंग उमटले. तांबड्यास आंधळ्या असलेल्या त्या काळच्या कांचेवर तांबडें चित्र उठलेंच कसें, हें कोडें पुढें शंभर वर्षें राहिलें. १९६१ मध्यें उलगडा झाला कीं फितीचा तांबडा भाग अदृश्य अतिनील किरणही परावर्तित करीत असावा, व तेच गाळणींतून निसटून कांचेवर उतरले. प्रयोग बरोबर, पण यश चुकीच्या कारणानें! शास्त्राच्या इतिहासांत असे प्रसंग वाचले म्हणजे मला माझ्या विद्यार्थ्यांचीं कांहीं गणितें आठवतात.

रंगामुळें केवळ शोभाच येते, असें कोणी समजूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लॉस एंजेलिस शहराचे दिवे मंद केलेले होते, आणि शेजारच्या माउंट विल्सन पर्वतावर वॉल्टर बाडे यांच्या हातीं १०० इंची दुर्बीण होती. देवयानी दीर्घिकेचा गाभा तोंवर कोणास सुट्या ताऱ्यांत फोडतां आला नव्हता. बाडे यांनीं तांबड्या प्रकाशास जागणाऱ्या कांचा वापरल्या आणि गाभ्यांतले तारे वेगळे झाले. १९४४ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं दीर्घिकेंत ताऱ्यांच्या दोन पिढ्या नांदतात : बाह्य भुजांत निळे, तरुण तारे, आणि गाभ्यांत तांबूस, वृद्ध तारे. ज्या रंगास मीं वर्गांत छापखान्यांत धाडून दिलें, तो ताऱ्यांचें वय सांगत होता.

मग लोकांस वाटेल कीं रंगीत फिल्म निघाल्यावर काम सोपें झालें असेल. तसें झालें नाहीं. प्रकाश निम्मा असला तर दुप्पट वेळ उघडें ठेवावें, हा छायाचित्रणाचा साधा त्रैराशिकाचा नियम फार मंद प्रकाशांत मोडतो. कार्ल श्वार्झशिल्ड यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नांत याचा अभ्यास केला होता. रंगीत फिल्ममध्यें तर तीन थर, आणि तिन्ही थर वेगवेगळ्या प्रमाणांत मागें पडतात. तासभर प्रकाश पडूं दिल्यावर जो रंग उमटे तो आकाशाचा नसे, फिल्मच्या थकव्याचा असे. पालोमार वेधशाळेचे छायाचित्रकार विल्यम मिलर यांनीं कोणता थर किती मागें पडतो याचें मोजमाप केलें व चित्राची प्रत काढतांना तेवढी दुरुस्ती केली. त्यांचीं २०० इंची दुर्बिणींतून घेतलेलीं रंगीत चित्रें १९५९ च्या मे महिन्यांत नॅशनल जिऑग्राफिक मासिकांत प्रसिद्ध झालीं. देवयानीचा पिवळसर गाभा व निळसर भुजा सामान्य वाचकानें बहुधा तेव्हांच प्रथम पाहिल्या.

यापुढचा मनुष्य मला सर्वांत आवडला. डेव्हिड मॅलिन हे इंग्लंडांत १९४१ मध्यें जन्मलेले रसायनाचे जाणकार, ज्योतिषी नव्हेत. एका रासायनिक कंपनींत सूक्ष्मदर्शकाखालचीं छायाचित्रें घेण्याचें काम करीत असलेला हा गृहस्थ १९७५ मध्यें ऑस्ट्रेलियांत गेला आणि सायडिंग स्प्रिंग येथील ३.९ मीटर दुर्बिणीच्या वेधशाळेंत रुजू झाला. त्यांनीं रंगीत फिल्मचा नाद सोडला व मॅक्सवेलची जुनी वाट धरली. तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून तीन काळ्या-पांढऱ्या कांचा घ्यावयाच्या आणि काळोख्या खोलींत त्या तंतोतंत जुळवून एक रंगीत चित्र सिद्ध करावयाचें. कांचा अधिक जाग्या व्हाव्यात म्हणून त्या आधीं नायट्रोजन व हायड्रोजन वायूंत ठेवीत. एकाच मेघाचा गाभा झगझगीत व कडा अत्यंत मंद असते. दोन्ही एका कागदावर दिसावींत म्हणून मूळ कांचेवरून एक पुसट, अस्पष्ट प्रत काढून ती मूळ कांचेला जोडीत. त्यामुळें गाभ्याचा भडकपणा दबे व तपशील उठून दिसे. हें सर्व हातानें, अंधारांत, रसायनांच्या वासांत. आपला रंग खरा ठरावा म्हणून त्यांनीं घेतलेले कष्ट पाहिले म्हणजे माझें १९९६ मधील उत्तर मला अधिकच बोंचतें.

मॅलिन यांची आणखी एक युक्ति सांगावीशी वाटते. ताऱ्यांचे रंग चित्रांत सहसा उमटत नाहींत. सगळे पांढरे ठिपके. कारण तारा इतका तेजस्वी कीं तिन्ही रंगांच्या जागा कांठोकांठ भरून जातात, आणि तिन्ही भरल्या कीं पांढरें. त्यांनीं कॅमेरा स्थिर ठेवून मृग नक्षत्राकडे रोखला. पृथ्वीच्या फिरण्यानें ताऱ्यांच्या रेघा उमटूं लागल्या. तशी मधून मधून भिंगाची जुळणी त्यांनीं थोडी थोडी बिघडवीत नेली. ठिपक्याचा प्रकाश पसरून रुंद पट्टा झाला, आणि पसरतांच रंग दिसूं लागले. आपल्या हरिणाच्या चार पायांपैकीं काक्षी नारिंगी, राजन्य निळा! अस्पष्ट चित्रांतून सत्य अधिक स्पष्ट व्हावें, ही कल्पनाच मला मोठी चमत्कारिक वाटली.

कांचांचें युग आतां संपलें. १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सी.सी.डी. नांवाचें साधन शोधिलें. त्याबद्दल २००९ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दुप्पट प्रकाश पडला तर हें साधन दुप्पट आंकडा देतें. श्वार्झशिल्डनें दाखविलेला थकवा त्यास नाहीं. पण रंग त्यासही कळत नाहीं. आपल्या हातांतील साध्या कॅमेऱ्यांत प्रकाशाच्या प्रत्येक कणचौकटीवर एक रंगीत गाळणी बसविलेली असते. दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांची, एकस्व १९७६ चें. शिवाय रोजच्या वापराच्या कॅमेऱ्यांत अवरक्त किरण अडविणारी एक कांच असते, ती हायड्रोजनच्या त्या तांबड्या रेषेचाही पुष्कळसा भाग गिळते. कॅनन कंपनीनें २००५ मध्यें ही रेषा अधिक जाऊं देणारा एक खास कॅमेरा काढला होता. माझ्या विद्यार्थ्याचा कॅमेरा साधा. तरीही रंग अजिबात नाहीं, असें कां व्हावें?

श्रोत्यांनीं आतां कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. समजा, मेघाच्या एका तुकड्यांतून तांबडा प्रकाश ३०, हिरवा १० व निळा २० असा येतो. हा झाला त्याचा खरा रंग, तीनास एकास दोन. पण आकाशही कोरें नसतें. गांवच्या दिव्यांचा उजेड त्यांत मिसळतो. तो धरा तांबडा १२०, हिरवा १००, निळा ९०. कॅमेऱ्याला मिळते ती बेरीज : १५०, ११० व ११०. तीनास एकास दोन हें प्रमाण कोठें राहिलें? राखेच्या ढिगांत चिमूटभर कुंकू मिसळावें तसें झालें. उपाय वजाबाकीचा. चित्राच्या रिकाम्या कोपऱ्यांतील आकाशाचे आंकडे मोजून ते तिन्ही रंगांतून वेगवेगळे वजा करावयाचे, म्हणजे ३०, १० व २० पुन्हा हातीं येतात. माझ्या विद्यार्थ्यानें ही पायरीच गाळली होती.

परंतु वजाबाकी म्हणते तितकी गरीब नाहीं. प्रकाश कणाकणानें येतो, म्हणून ११० चा आंकडा दर वेळीं ११० येत नाहीं. साधारण त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे दहा-अकरानें, मागेंपुढें होतो. आणि आपल्याला हवा असलेला हिरवा प्रकाश अवघा १०! एका चित्रांत तो या लाटांत बुडालेला असतो. शंभर चित्रांची सरासरी काढली तर ही चलबिचल दहावा हिस्सा उरते. चार रात्रींचें जागरण म्हणूनच वायां गेलेलें नव्हतें. उलट, सरासरी पुरेशी नसतां नुसता रंग भडक करण्याची कळ फिरविली, तर मेघाबरोबर ही चलबिचलही रंगते, आणि चित्रावर तांबड्या-हिरव्या डागांची गोधडी उमटते.

दुसरा घाव बसतो तो चित्र उजळतांना. मंद भाग दिसावा म्हणून आंकडे ताणावे लागतात. समजा, तांबडा ९०० व हिरवा १००, म्हणजे नवास एक. ताणण्याच्या रीतीसाठीं वर्गमूळ घेऊं : ३० व १०. प्रमाण तीनास एक झालें. आणखी एकदां ताणलें तर जेमतेम पावणेदोनास एक. प्रत्येक ताणाबरोबर रंग पांढुरका होत जातो, आणि बिचारा नवशिका समजतो कीं आपल्या कॅमेऱ्यांत खोट आहे. २००४ मध्यें रॉबर्ट लप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या दोषावर एक साधी रीत प्रसिद्ध केली. तिन्ही रंगांस वेगवेगळें ताणूं नये. तिघांची मिळून जी एकंदर तेजस्विता, तिलाच ताणावें. ती जितक्या पट वाढली तितक्याच पटीनें तिन्ही रंगांस गुणावें. प्रमाण जसेंच्या तसें राहतें. इयत्ता पांचवीचें गणित. पण तें योग्य जागीं वापरण्यास कोणीतरी लागतो.

आतां माझ्या भिंतीवरच्या त्या चित्राबद्दल. १ एप्रिल १९९५ रोजीं घेतलेलें तें चित्र जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांच्या कामाचें. त्यांत गंधक, हायड्रोजन व प्राणवायु यांच्या प्रकाशांतून तीन वेगवेगळीं चित्रें घेतलेलीं होतीं. गंधकाचा प्रकाश खरोखर तांबडा, पण हायड्रोजनचाही तांबडाच. दोन्ही जसेच्या तसे ठेवले तर एकांत एक मिसळावयाचे. म्हणून गंधकास तांबडा, हायड्रोजनास हिरवा व प्राणवायूस निळा रंग दिला. तरंगलांबीचा क्रम मात्र मोडला नाहीं. तेव्हां त्या मुलीस खरें उत्तर असें द्यावयास हवें होतें कीं हे रंग डोळ्यास दिसणारे नव्हेत, पण मनःपूत भरलेलेही नव्हेत. नकाशांत डोंगर व नद्या दाखवावयास रंग ठरवितात, तसे ते ठरविलेले आहेत, आणि कोणता रंग कशाचा हें चित्र काढणारांनीं सांगून ठेविलें आहे. ती मुलगी आज कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं. ती हें भाषण ऐकत असेल तर माझें जुनें उत्तर तिनें रद्द समजावें.

गेल्या आठवड्यांत तो विद्यार्थी पुन्हां आला व आम्हीं त्याच्या करड्या चित्रावर बसलों. आधीं आकाश वजा केलें. मग चित्रांतील सूर्यासारखा एक तारा पांढरा धरून तिन्ही रंगांचा तोल लावला, कारण वर सांगितल्याप्रमाणें कॅमेरा हिरव्याकडे झुकलेला असतो. नंतर लप्टनच्या रीतीनें उजळणी. रंग भडक करण्याची कळ त्यानें शेवटीं किंचितच फिरविली, आणि किती फिरविली तें चित्राखालीं लिहिण्याचें कबूल केलें. मेघाच्या कडा गुलाबी झाल्या. हायड्रोजनची तांबडी रेषा व तिची निळसर बहीण मिसळून गुलाबी होते, तेंच हें. आंत गाभ्याकडे फिकट हिरवी झांक आली, म्हणजे हगिन्सची ती रेषा. पुस्तकांतल्याएवढा रंग नव्हता. पण होता तो मेघाचा होता.

गाभ्यांतील चार तारे मात्र पांढऱ्या डागांत विरघळले आहेत. तेथें तिन्ही रंग कांठोकांठ भरून गेले, आणि भरलेल्या जागेंतून वजाबाकीनेंही कांहीं परत येत नाहीं. त्यासाठीं पांच-पांच सेकंदांचीं शंभर निराळीं चित्रें घ्यावीं लागतील. माघी अमावास्येस मृग मावळण्यापूर्वीं तो त्याच डोंगरावर जाणार आहे, आणि मलाही बरोबर नेणार म्हणतो. कानटोपी मीं शोधून ठेविली आहे.